काजळी नसलेला जोड

अड्यार, चेन्नई
९ फेब्रुवारी २००८

चि. विजू,

आशीर्वाद तुझ्या जन्मापासून चालूच आहेत, त्यात खंड नाही. तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

पार्सल पोचलं. तुझ्या मामीनं ते उघडलं, तर आत काळ्या फोममध्ये खोचलेला नखाएवढा सोनेरी तुकडा. म्हणाली, "भाचीनं मामाला कुडी पाठवली की काय? एकच का पण?" तिला म्हटलं, रत्नप्रभाबाई, हा ट्रान्झिस्टर आहे, गॅलियम नायट्राइडचा. भाचीच्या लॅबमधला प्रयोग संपला, साहेबांची परवानगी काढून उरलेला एक तिनं म्हाताऱ्याला पाठवला. तू चिठ्ठीत लिहिलंयस, याच्या पट्ट्यांमधली दरी रुंद असते, म्हणून हा सिलिकॉनपेक्षा जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता सोसतो. मी माझ्या भाषेत असं समजलो की उंबरठा उंच असला की पुराचं पाणी लवकर घरात शिरत नाही. चुकलं असेल तर कान धर. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. रणगाड्यांच्या कारखान्यात वायरिंग करता करता जे कळलं ते कळलं.

आता हा कुणासाठी ते ऐक. वेंकोबा आठवतो? सुट्टीत यायचीस तेव्हा तू त्याला 'डिट-डा आजोबा' म्हणायचीस. तंजावरचा मराठी माणूस, रेल्वेत तारबाबू होता. मला टिंब-रेघांची मोर्स लिपी त्यानंच शिकवली, नुंगंबाक्कम स्टेशनच्या बाकावर बसून, बोटानं लाकूड वाजवत. चाळीस वर्षं आम्ही दोघे हौशी रेडिओवर आहोत. आता तो पंचाहत्तरीला आला, हात थोडा कापतो. मुलगा परदेशी बोटीवर असतो, घर सून बघते, वसंता. मुलगी गुणाची आहे, पण वेंकोबाचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर दोन हजार व्होल्टवर चालतो आणि घरात तिची चार वर्षांची पोर फिरते. पोंगलला तिनं निर्वाणीचं सांगितलं, "अप्पा, हे दोन हजार व्होल्टचं भूत घरातून गेलं तर गच्चीवरचा एरियलचा खांब राहील. नाहीतर दोन्ही जातील."

मी मध्ये पडलो. म्हटलं, वसंता, मी अठ्ठावीस व्होल्टवर चालणारा करून देतो. अठ्ठावीस व्होल्टचं भूत काय करणार, गुदगुल्या! ती म्हणाली, "सरी, मामा. तुमच्या शब्दावर."

तर आता वेंकोबाचा खांब तुझ्या या कुडीवर उभा आहे. कसा जोडायचा ते सविस्तर लिही. इ-मेल पाठवू नकोस, मला कागद हातात लागतो.

तुझा
उमामामा

०

पुणे
१८ फेब्रुवारी २००८

प्रिय मामा,

कागदच पाठवतेय, सोबत दोन पानं आकृत्या. पण आकृती बघायच्या आधी हे वाच, आणि मामीला मोठ्यानं वाचून दाखव, म्हणजे घरात साक्षीदार राहील.

तुला माहीत असलेला सिलिकॉनचा पॉवर ट्रान्झिस्टर म्हणजे बंद नळ. आपण फिरवला की वाहतो. हा मुळात उघडा नळ आहे. याच्या गेट नावाच्या टोकावर उणे व्होल्टेज द्यायचं, तेव्हा कुठे हा बंद होतो. म्हणून आधी उणे, मग अधिक. आधी गेटला उणे पाच व्होल्ट, ते पोचले याची खात्री, आणि मगच अठ्ठावीस. बंद करताना उलट. क्रम चुकला की संपलं.

तू म्हणशील, ह्यात नवीन काय, व्हॉल्व्हच्या ग्रिडलाही उणेच देतो आपण. खरं आहे, आणि मला भीती तीच आहे. व्हॉल्व्हचं उणे गेलं तर प्लेट लाल होते, माणसाला धावत जाऊन बटण बंद करायला वेळ मिळतो. व्हॉल्व्ह माफ करतो. हा तेवढा वेळ देत नाही.

आणि एक. तू करंट मर्यादेत ठेवणारा पॉवर सप्लाय वापर म्हणून सांगितलं तर तू वापरणार नाहीस, तुझा तो ट्रकच्या चाकाएवढा ट्रान्सफॉर्मर तुला प्यारा आहे. निदान गेटपर्यंत उणे व्होल्टेज खरंच येतंय का ते गेटवरच मोज. सप्लायच्या डब्यावर मोजून खूश होऊ नकोस.

मी पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतेय हे कळतं मला. पण तुझ्याकडे शेळी एकच आहे.

डिट-डा आजोबांना नमस्कार.

विजू

०

अड्यार
१७ मार्च २००८

चि. विजू,

वाईट बातमी आधी सांगून टाकतो. काल ट्रान्झिस्टर गेला.

सगळं नीट चाललं होतं गं. ॲम्प्लिफायर तयार करून, डब्यात बसवून मी वेंकोबाच्या घरी घेऊन गेलो. वसंतानं कॉफीचं डिकॉक्शन काढून ठेवलं होतं. वेंकोबानं नवं धोतर नेसलं होतं, जणू मुंजीला निघालाय. मी दोन बटणं दिली होती, डावं उण्याचं, उजवं अठ्ठावीस व्होल्टचं. पहिला मान त्याचा, तो माझा गुरू. त्याने विचारलं, "उमाकांता, डावे आधी, होय की नाही?" म्हटलं, होय, डावं आधी. आणि मी मीटरकडे वळलो.

खट्, खट्. मग फट् असा आवाज, आणि डब्यातून काळा धूर. नाकात राख गेल्यासारखा वास. माझ्या तोंडून निघून गेलं, "वेंकोबा, उजवं दाबलंस की काय आधी?"

त्याने आपल्या हाताकडे बघितलं. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा असा. वसंता दोशाच्या पिठाचे हात घेऊन धावत आली. "अप्पा! काय झालं? अय्यो, घरभर धूर!" वेंकोबा म्हणाला, "माझा हात चुकला, वसंता. उमाकांताची चूक न्हवे."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. पोरीला उचलून बाहेर घेऊन गेली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तू एवढ्या मायेनं पाठवलेला ट्रान्झिस्टर. तुझ्यासमोर तोंड वर करून बघवत नाही. वेंकोबाला दोष देऊ नकोस, वय झालं त्याचं. असं होतं.

उमामामा

०

पुणे
२७ मार्च २००८

प्रिय मामा,

ट्रान्झिस्टर गेला तर गेला. आमच्या लॅबमध्ये पदव्यांची माळ घालणाऱ्यांनी किती जाळलेत ते सांगितलं तर तुला शांत झोप लागेल. आजोबांना सांग, विजूनं स्वतः तीन जाळलेत, त्यातला एक डाव्या-उजव्याच्याच घोळात.

पण तुझं पत्र वाचून एक गोष्ट कळली नाही. आजोबांनी विचारलं होतं, डावं आधी ना, म्हणून. विचारून लगेच उलटं दाबतील? तारबाबू माणूस, जन्मभर बोटं आणि कान यांच्यावर जगलेला. तू पाहिलंस का दाबताना? की फक्त तर्क?

बोर्ड जसाच्या तसा मला पाठव. काही पुसू नकोस, काही उचकू नकोस. ट्रान्झिस्टर कसा मेला ते भिंगाखाली थोडंफार कळतं. आजोबांची चूक नसेल तर त्यांना ते कळायला हवं, नाही का? विशेषतः तो खांब त्यावर ठरणार असेल तर.

विजू

०

अड्यार
३० एप्रिल २००८

चि. विजू,

उत्तराला उशीर झाला. इथे ऊन असं आहे की पोस्टाची पेटीसुद्धा हात लावू देत नाही. मामीचे गुडघे धरलेत. शेजारच्या राजगोपालनं सेलमहून आंब्यांची पेटी आणली, त्यातले निम्मे आमच्याकडे आले, रस झाला, पोळ्या झाल्या. तुझी आठवण निघाली.

बोर्ड काल पार्सलनं पाठवला. नीट गुंडाळलाय. त्यात बघण्यासारखं काही फार नाही असं मला वाटतं. तुझी कामं सोडून त्यात वेळ घालवू नकोस.

वेंकोबा बरा आहे. हल्ली येत नाही. फोन केला तर वसंता उचलते, म्हणते, "अप्पा पडलेत जरा." रविवारी सकाळी आमची हवेत भेट ठरलेली असते, चाळीस वर्षांत आजारपणं सोडली तर चुकली नाही. गेले काही रविवार मी हाक देतोय, तिकडून काही नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कुणा कॉलेजच्या क्लबला देऊन टाकला म्हणे. चित्रै, म्हणजे इकडचा चैत्र, संपला की खांबही उतरवणार.

मी वसंताला म्हटलं, थोडं थांब, दुसरा करून देतो. ती म्हणाली, "मामा, यंत्र दुसरं मिळेल. हात दुसरा कुठून आणू?"

तिचंही काय चुकलं सांग. तू विचारलंस, मी पाहिलं का. मी मीटरकडे बघत होतो असं लिहिलंच आहे.

तब्येतीला जप.

उमामामा

०

पुणे
१६ मे २००८

प्रिय मामा,

बोर्ड मिळाला. दोन संध्याकाळी त्याच्याजवळ बसले.

ट्रान्झिस्टरला उणे व्होल्टेज मिळालं नाही, हे नक्की. त्याच्या शेजारचा रेझिस्टर कोळसा झालाय आणि त्या धुराची काजळी सगळ्या बोर्डावर बसलीय. मग मी तुझे सोल्डरचे जोड बघत गेले. आईचा रेडिओ दुरुस्त करायचास तेव्हापासून ओळखते मी ते. प्रत्येक थेंब वाटाण्यासारखा गोल. कुणी हजार जोडांत मिसळले तरी काढून दाखवीन.

सगळ्यांवर काजळी आहे. एकावर नाही. गेटकडे उणे नेणाऱ्या तारेचा जोड चकचकीत आहे, आणि त्याच्या कडेला रोझिनच्या राळेखाली काजळी अडकलीय. म्हणजे तो जोड धुरानंतर दिलेला आहे.

मामा, मी इंजिनिअर म्हणून विचारत नाही. तुझ्या बहिणीची मुलगी म्हणून विचारते. ती तार सुटलेली होती का?

सुटलेली असेल, तर आजोबांनी आधी डावं दाबलं काय आणि उजवं दाबलं काय, ट्रान्झिस्टर मरणारच होता.

मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

विजू

०

अड्यार
१ जून २००८

चि. विजू,

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो.

होय. तार सुटलेली होती.

त्या दिवशी वेंकोबाच्या घरून डबा मांडीवर घेऊन बसनं परत येत होतो, तेव्हा आधी मीटर आठवलं. उण्याच्या मीटरची सुई पहिल्या 'खट्'बरोबर हलली होती. मी बघितली होती, विजू. पहिलं खट्, सुई हलली, दुसरं खट्, मग धूर. म्हणजे त्याने डावंच आधी दाबलं होतं. मी ओरडलो तेव्हा खरंच सुचलं नव्हतं, एवढा तरी तू माझ्यावर विश्वास ठेव. पण बस तेनामपेटला थांबली तेव्हा सुचलं होतं. उतरून परत जाता आलं असतं.

घरी येऊन डबा उघडला. गेटच्या तारेला बोट लावलं आणि ती हातात आली. ड्राय सोल्डर. वरून गोल, आतून कोरडा. तू बजावलं होतंस, गेटवर मोज. मी सप्लायच्या डब्यावर मोजलं आणि खूश झालो.

मग तुझं पत्र आलं, बोर्ड पाठव म्हणून. महिनाभर तो कपाटावर होता. पाठवायच्या आदल्या दिवशी इस्त्री तापवली आणि जोड दिला. सोल्डरिंगच्या इस्त्रीला मी जन्मभर हात लावत आलो, पण त्या दिवशी खोलीचं दार लावून घेतलं. तुझी मामी बाहेरून म्हणाली, "दार लावून काय चाललंय? कुणाचं लग्न जमवताय?"

का केलं म्हणशील. कारखान्यात साहेब यायचे आणि म्हणायचे, उमाकांतच्या जोडाला तपासणी नको. माझ्याकडे पदवी नाही, हा हातच होता. तो वसंतासमोर, तुझ्यासमोर उणा ठरू नये, एवढंच. त्यासाठी दुसऱ्याचा हात उणा ठरवला.

आता पुढचं. खांब मागच्या रविवारी उतरला. वेंकोबानं स्वतः फोन केला, "उमाकांता, तू ये. मजूर दोर सोडतील, तुझ्या हाताचा भरवसा आहे." मी गेलो. गच्चीवर दोर माझ्या हातात, आणि तो खाली खुर्चीवर बसलेला, वर बघायचं नाही म्हणून पेपर धरलेला. खांब आडवा झाला तेव्हा त्याने विचारलं, "कुणास लागलं नाही ना?" मी म्हटलं, नाही. सांगायचं म्हणून गेलो होतो. कॉफी पिऊन परत आलो.

मामी म्हणते, हल्ली वेंकोबांचं नाव निघालं की तुम्ही उठून पाणी पिता. तिला अजून माहीत नाही.

मला रागाव. इतके दिवस कुणी रागावलेलं नाही.

उमामामा

०

पुणे
९ जून २००८

मामा,

रागावते आहे. ट्रान्झिस्टरसाठी नाही, जोडासाठीही नाही. माझ्या कुठल्याही जोडात ड्राय सोल्डर निघेल. पण तू दोर धरलास.

मला सांगून मोकळा झालास असं समजू नकोस. चुकीच्या पत्त्यावर आलं हे पत्र. नुंगंबाक्कमला जा. वसंतावहिनी घरात असतील अशा वेळी जा. मामीला आधी सांग, म्हणजे वाटेतून परत फिरता येणार नाही.

आजोबा माफ करतील की नाही, ते त्यांचं. तू माफीची वाट बघत सांगू नकोस.

विजू

०

नुंगंबाक्कम, चेन्नई
६ जुलै २००८

चि. सौ. विद्युलता हीस वेंकोबा रावचे आशीर्वाद.

माझी मराठी तंजावरची. तू हसशील. हसली तर हस, पण पुरते वाच. अक्षर वाकडे आहे, हात कापतो, ते अस्की, म्हणजे साऱ्या, लोकांस माहीत आहे.

तुझा मामा आला होता. बायकोस घेऊन आला. वसंता भाजी चिरीत होती, तिला म्हणाला, "तू पण बस." मग अस्की सांगितला. तार सुटली होती म्हणून, सुई हलली होती म्हणून, जोड मागाहून दिला म्हणून. रत्नप्रभा जमिनीकडे पाहत होती. मी ऐकून घेतलो. मग एकच विचारलो, "मग माझा हात बरोबर होता?" म्हणाला, "बरोबर होता." मी परत विचारलो, "डावे आधी?" म्हणाला, "डावे आधी." तिसऱ्यांदा विचारलो तर तो रडायला लागला. मी म्हटलो, "सरी. आता घरी जा."

मुली, मज ट्रान्झिस्टरचा राग नाही. खांबाचा पण नाही, लोखंड ते. पण पंगुनी महिन्यापासून, तो धूर झाला तेव्हापासून, मी घरात गॅस पेटविलो नाही. नातीस शाळेस नेताना रस्त्यात तिचा हात धरलो नाही. वसंतास सांगितलो, तू धर, माझा हात चुकतो. पोर विचारायची, "ताता, माझा हात का नको?" हे तुझ्या मामास मी सांगितलो नाही. तुला सांगतो. तू त्यास सांग की नको सांगू, तुझी मर्जी.

तू भिंग लावून पाहिलीस म्हणून हे बाहेर पडले. तुझे उपकार. तुला माझी एकच विनंती. तू शिकलेली, यंत्र पाहिलेली. तुझ्या हाताने मज लिहून पाठव, वेंकोबाने क्रम बरोबर केला म्हणून. वसंतास दाखवायला न्हवे. ती तर तुझ्या मामाचे ऐकून त्या दिवशीच उठून गेली, आणि दोरी घेऊन आली. म्हणाली, "अप्पा, बाल्कनीत एरियलची तार कुठनं कुठवर बांधू?" मज वाचायला पाहिजे. माणसास कधी कधी परत शंका येते.

वेंकोबा

०

अड्यार
२४ ऑगस्ट २००८

चि. विजू,

तू पाठवलेलं नातीच्या हाताचं मी वाचलं. त्यावर लिहीत नाही. लिहिता येत नाही.

दुसरा ट्रान्झिस्टर मिळतोय म्हणतेस, तर तो तुझ्याकडेच ठेव. वेंकोबा स्वतः मागेल तेव्हा त्याच्याच नावावर पाठव, मधे मी नको. जोड त्याने कुणाकडूनही करून घ्यावेत.

इकडची हकीकत. सगळं सांगून आलो त्या दिवसापासून वेंकोबाचा फोन नाही, माझी करायची छाती नाही. मामी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी ताटात वाढताना म्हणाली, "मीठ बघा बरोबर आहे का. नसलं तर माझ्यावर घाला." मी मीठ बरोबर आहे म्हटलं. खरं तर जास्त होतं.

दहाबारा दिवसांपूर्वी सकाळी मी सवयीनं रेडिओ लावून बसलो होतो, आणि वेंकोबाची मोर्स आली. लाखात ओळखू येईल. डा लांबवतो तो, कीर्तनकार शेवटचा शब्द लांबवतो तसा. बाल्कनीतल्या तारेवरून, ॲम्प्लिफायर नाही, काही नाही. हात कापतो, त्यामुळे मधेच एखादं टिंब जास्तीचं पडतं. सगळ्यांना हाक देत होता, कुणी आहे का म्हणून. माझा हात मोर्सच्या किल्लीवर होता. उचलून घेतला. श्रीलंकेतला एक जण त्याला भेटला, दोघं हवापाणी बोलले, मी ऐकत बसलो.

मग रोज. तो हाक देतो, कुणीतरी भेटतं, मी गप्प. चोरून ऐकणंच ते.

काल कुणी भेटलं नाही. तो हाक देत राहिला, थांबला, पुन्हा दिली. चौथ्या खेपेला मला राहवलं नाही. माझं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, दिलं, एकदाच. पलीकडे शांत. एवढं शांत की मला वाटलं, उठून गेला.

मग त्याने मला आकडा दिला. तुला हे माहीत नसेल. आमच्यात भेट झाली की आधी एकमेकांना तीन आकडे देतात. पहिला, अक्षरं किती स्पष्ट येतात. दुसरा, जोर किती. तिसरा, स्वर किती शुद्ध. पाच-नऊ-नऊ म्हणजे सर्वोत्तम, आणि सौजन्य म्हणून जग सगळ्यांना तेच देतं, ऐकू आलं नाही तरी. वेंकोबानं मला चाळीस वर्षं दर रविवारी पाच-नऊ-नऊ दिलं.

काल दिलं पाच-नऊ-सहा. आणि मागे जोडलं, गुणगुण आहे, बघ.

मी आकडा मिळाला म्हणून कळवलं. त्याला त्याचा खरा आकडा दिला, पाच-सात-नऊ, बाल्कनीतली तार आहे, सात म्हणजे खूप झालं. त्याने निरोपाचे दोन ठोके दिले आणि गेला. एवढंच. दुसरं एक अक्षर नाही.

मी सेट उघडला. पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर फुगलेला, वरचं टोपण पुरीसारखं वर आलेलं. आजचा नाही तो, किती वर्षांचा असेल देव जाणे. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक अक्षरामागे डासासारखी गुणगुण जात होती आणि तो नऊ देत होता.

मामी दारात उभी होती. "बोलले?"

"बोलला."

"काय म्हणाले?"

"तुझा स्वर चांगला नाही म्हणाला."

तिनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाली, "अजून काही सांगितलं तर ऐकून घ्या."

आज रविवार, रिची स्ट्रीटवरची सुट्या भागांची दुकानं बंद. उद्या पहिल्या बसनं जातो आणि कपॅसिटर आणतो. बसवला की गेटवर मोजावं तसं त्याच्या टोकांवरच मोजणार आहे, डब्यावर नाही.

उमामामा